हुद्दा नसलेले पाद्रीबाबा

पाद्रीबाबा आधी नौदलात पाद्री होते, निवृत्तीनंतर आमच्या घाटंजीत राहायला आले. त्यांचं एक वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल, आणि दर वेळी माझं डोकं तापलं. "जहाजावर पाद्र्याला हुद्दा नसतो. तो ज्याच्याशी बोलतो, त्याच्याच हुद्द्याचा होतो." इस्त्रीच्या पांढऱ्या झग्यात छाती काढून हे सांगायचे. तहसीलदारांशी बोलताना ते तहसीलदार होत, कापसाच्या जिनिंग गिरणीवाल्या शेठजींशी बोलताना शेठजी. त्याखाली उतरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

कापसाला भाव नव्हता त्या वर्षी खरेदी केंद्रावर आमच्या बैलगाड्या चार-चार दिवस खोळंबून होत्या. पाद्रीबाबा धीर द्यायला आले आणि उभ्याउभ्याच ते वाक्य सुरू केलं. माझ्या पुढच्या गाडीच्या सावलीत एक म्हातारी भाकर खात बसली होती.

"मंग बाबा, आज आमच्या हुद्द्याचे व्हा ना," ती भाकर पुढे करत म्हणाली. "बसा इथं. खा."

पाद्रीबाबांनी काळ्या मातीकडे पाहिलं, मग झग्याकडे. आणि ऑफिसकडे तोंड करून ओरडले, "अरे, कोणी खुर्ची आणा रे!"

म्हातारीनं ती भाकर शेजारी बसलेल्या बैलाला दिली.