ओढ्यापलीकडचा फटका

पोर्टस्केरीहून सुटणारी सकाळची बस रोना गेडिस चालवायची. चढणारा प्रत्येक माणूस तिला तिकीट दाखवायचा आणि जोडीला एखादा सल्ला फुकट देऊन जायचा.

"काय गं रोना, काल किती नांगरलंस?" वॉटी लम्सडेन पायरीवर पाय ठेवता ठेवताच विचारायचा. मागच्या बायका खिदळायच्या.

"तुझ्या बटाट्यांपुरतं नांगरून ठेवलंय. बस आता खाली, नाहीतर असा ब्रेक दाबीन की पुढच्या काचेला नाक लागेल तुझं."

गावात सगळेच गोल्फ खेळायचे. घरं संपली की वाळूची टेकाडं आणि आखूड गवत, ते संपलं की समुद्र, आणि त्या मधल्या पट्टीत मैदान. बोटीवरून उतरलेला माणूससुद्धा जेवणाआधी चार होल खेळून यायचा. रोनाचा बाप त्यातलाच. आपल्या जुन्या काठ्या करवतीनं आखूड करून त्यानं पोरीच्या हातात दिल्या, तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. पुढे ती मासळीच्या कारखान्यात लागली, कारखाना बंद पडल्यावर बस चालवायला शिकली, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या अ‍ॅलिकशी लग्न केलं, दोन मुली वाढवून अ‍ॅबरडीनला धाडल्या. या सगळ्यात खेळ कधी सुटला नाही.

होलमधल्या झेंड्याजवळ आली की रोनाच्या हातात जादू असायची. वाळूच्या खड्ड्यातून, उंच गवतातून, कुठूनही ती चेंडू अलगद काढून होलशेजारी नेऊन ठेवायची. रडगाणं होतं ते लांबच्या फटक्याचं. लांब दांड्याची आयर्न, म्हणजे पात्यासारख्या तोंडाची काठी, किंवा फेअरवे वूड (नाव लाकडाचं, पण हल्ली धातूचीच) घेऊन ती गवतावरच्या चेंडूपुढे उभी राहिली की तिचं काहीतरी बिनसायचं. एकदा चेंडूच्या मागे ढेकूळ उडायचं, म्हणूनच गाव तिला नांगर म्हणायचं, तर पुढच्या वेळी काठी चेंडूच्या डोक्यावर बसायची आणि तो सशासारखा जमिनीलगत पळत सुटायचा. म्हणून तिनं त्या काठ्या वापरणंच सोडलं होतं. ती आखूड काठीनं तुकड्या-तुकड्यानं पुढे सरकायची.

बायकांच्या स्पर्धेत ती बहुतेक वर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोचायची आणि डोरीन फार्करकडून हरायची. डोरीन शाळेत खेळ शिकवायची. उंच, लांब हातांची, मनानं सरळ बाई. जिंकल्यावर ती रोनाला मिठी मारायची, आणि रोनाला त्या मिठीचाच जास्त राग यायचा.

त्या वर्षी हरल्यानंतर रोना क्लबच्या भिंतीला टेकून बूट काढत होती. बाकावर इना पेट्री बसलेली. इनाबाई ऐंशीच्या पुढच्या. एके काळी साऱ्या परगण्यात त्यांना हरवणारी बाई नव्हती. आता कंबर गेली होती, पण जीभ शाबूत होती.

"पोरी, तू चेंडूला मदत का करतेस?"

"काय म्हणालात, मिसेस पेट्री?"

"त्याला वर उचलायला जातेस. खांदा खाली पाडतेस, मागच्या पायावर रेलतेस. तुला सांगितलंय कुणी? काठीचं तोंड कारखान्यातूनच तिरकं होऊन आलंय. वर नेणं तिचं काम. तू आपलं मार फक्त."

"एवढं सोपं असतं तर गाव मला नांगर म्हणालं असतं का?"

"सोपं आहे असं कोण म्हणालं?" इनाबाई काठी टेकत उठल्या. "रविवारी ओहोटीला किनाऱ्यावर ये. एखादी आयर्न आण. आणि तोंड बंद ठेवून ये."

रविवारी बोचरा वारा होता. ओली, घट्ट वाळू लांबवर पसरली होती. इनाबाईंनी घडीची खुर्ची मांडून घेतली, गुडघ्यांवर घोंगडी ओढली आणि रोनाला वाळूवर एक रेघ मारायला लावली.

"चेंडू नकोच. रेघेवर काठी चालव. वाळूवरची खूण रेघेच्या पुढे उमटली पाहिजे."

रोनानं काठी चालवली. खूण रेघेच्या वीतभर मागे उमटली. पुन्हा चालवली, पुन्हा मागेच.

"बघ," इनाबाई म्हणाल्या. "वाळू खोटं बोलत नाही. आता पाय जुळवून उभी राहा."

"पाय जुळवून? तोल जाईल माझा!"

"जाऊ दे की. का जातो ते तरी कळेल."

पाय जुळवून मारताना रोना दोनदा खरोखरच वाळूत बसली. इनाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, मग गंभीर झाल्या. "काठी वर पोचली की कुणी मागे लागल्यासारखी खाली धावतेस तू. काठी लांब आहे, तिला यायला वेळ लागतो. आधी कंबर वळू दे, वजन डाव्या पायावर येऊ दे. हात मागून येतील. बसचं वळण घेताना स्टिअरिंग हिसकतेस का?"

"हिसकलं तर वॉटी खिडकीबाहेर जाईल."

"मग इथे का हिसकतेस?"

उरलेला उन्हाळा आणि मग हिवाळाभर हे चाललं. चेंडू आला तो नाताळानंतर, आणि त्यानंतर सगळं आणखीच बिघडलं. नवं अंगात मुरलं नव्हतं आणि जुनं हातातून गेलं होतं. वसंतातल्या पहिल्याच सामन्यात रोनाची झेंड्याजवळची जादूसुद्धा आटली. एका नवशिक्या बाईकडून हरून ती घरी आली, पिशवी कोपऱ्यात आदळली आणि अ‍ॅलिकला म्हणाली, "विकून टाक. शेडमध्ये जागा होईल तुझ्या भंगाराला."

अ‍ॅलिकनं सूप ढवळणं थांबवलं नाही. "इंजिन उघडलं की आधी सगळे भाग जमिनीवर पसरलेलेच असतात. त्या वेळी कुणी बघितलं तर वाटतं, याला काही जमत नाही."

"मी इंजिन आहे का?"

"इंजिन उलट बोलत नाही," तो म्हणाला आणि तिच्यापुढे वाडगा ठेवला.

रोनाला हसू फुटलं. ती सूप प्याली आणि पुढच्या रविवारी पुन्हा किनाऱ्यावर गेली.

मे महिन्यातल्या एका सकाळी ते जमलं. इनाबाईंनी वूडसाठी चेंडू डाव्या टाचेच्या थोडा आत ठेवायला लावला होता, आयर्नपेक्षा जरा पुढे. रोनानं काठी जमिनीलगत लांब मागे नेली, वर क्षणभर थांबू दिली आणि वळली. हाताला काही लागल्यासारखं वाटलंच नाही. चेंडू उठला, उठतच राहिला आणि दूर पाण्याच्या कडेला बसलेले सीगल पक्षी कलकलाट करत उडाले.

रोना काठी खांद्यावर तशीच धरून उभी राहिली.

"असं असतं होय ते?" ती हळूच म्हणाली.

"असं असतं," इनाबाई म्हणाल्या. "आता माझा चेंडू आणून दे. चांगला होता."

जुलैतल्या अंतिम सामन्याला अर्धं गाव लोटलं. समोर पुन्हा डोरीन. समुद्रावरून आडवा वारा सुटला होता. सुरुवातीला डोरीननं नेहमीसारखी आघाडी घेतली, पण या खेपेला रोना फार मागे पडली नाही. मधल्या लांबलचक होलवर वारा थेट तोंडावर होता. डोरीनचा चेंडू आभाळात चढला आणि वाऱ्यानं तो माघारी झुडपांत फेकला. रोनानं तीन नंबरची आयर्न काढली, चेंडू जरासा मागे घेतला, हात पुढे ठेवले आणि अर्ध्याच जोरानं मारला. चेंडू वाऱ्याच्या पोटाखालून माणसाच्या उंचीनं सणसणत गेला आणि घरंगळत होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, ग्रीनवर चढला. लोकांत कुजबूज पसरली. अशी रोना कुणी पाहिली नव्हती.

शेवटच्या होलवर दोघी बरोबरीत आल्या.

त्या होलच्या ग्रीनपुढे ओढा आडवा वाहतो. दरवर्षी रोना अलीकडे थांबायची, मग छोट्या फटक्यानं ओलांडायची, आणि तिथेच हरायची. डोरीननं आधी मारलं. देखणा फटका. चेंडू ओढा पार करून ग्रीनच्या कडेला विसावला. टाळ्या पडल्या. रोनाचा चेंडू जवळजवळ उघड्या जमिनीवर होता, खाली गवताची गादी नव्हती.

पिशवी वाहणाऱ्या अ‍ॅलिकनं सवयीनं आखूड आयर्न अर्धी वर काढली.

"ती नको."

"जमीन टणक आहे, रोना."

"किनाऱ्यावरची वाळू काय मऊ होती? वूड दे."

त्यानं ती काढून दिली. रोनानं ओढ्याकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलं नाही. चेंडूच्या पुढ्यातल्या गवताच्या एका काडीवर नजर ठेवली. काठी मागे गेली, वर गेली. जुनी घाई उठलीच, पण तिनं ती जाऊ दिली. कंबर वळली. हात मागून आले.

टण्ण!

चेंडू ओढ्यावरून असा गेला, जणू खाली पाणी नव्हतंच. ग्रीनच्या तोंडाशी टेकला, उडाला, उतारावरून वळसा घेत घेत झेंड्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

वॉटी लम्सडेननं टोपी हवेत फेकली. ती वाऱ्यानं थेट ओढ्यात नेली आणि एकच गदारोळ उठला. डोरीनचा पुढचा फटका होलच्या कडेवरून निसटला. रोनानं आपला चेंडू थोपटल्यासारखा आत ढकलला. डोरीननं मिठी मारली, आणि या वेळी रोनानं तिला जमिनीवरून उचललं.

इनाबाई खुर्चीतून सगळं बघत होत्या. रोना धावत गेली आणि त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिनं नुसता त्यांचा हात हातात घेतला.

"तोंड बंद ठेवायला शिकलीस हो," इनाबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

क्लबमध्ये गाणी झाली, चषकात व्हिस्की ओतली गेली, अ‍ॅलिक चक्क टेबलावर चढून नाचला. बाहेर मात्र उन्हाळ्यातला उजेड मावळायचं नाव घेत नव्हता. गडबडीतून डोरीन रोनाच्या कानाशी आली.

"तो खालून जाणारा फटका. वाऱ्याखालून मारलास तो. कसा गं?"

"आत्ता सांगू?"

"आत्ताच. उद्या मला लाज वाटेल विचारायला."

दोघी एकेक काठी उचलून मागच्या दारानं बाहेर पडल्या. सरावाच्या गवतावर त्यांच्या सावल्या समुद्राकडे लांब पडल्या होत्या. रोनानं चेंडू मांडला, डोरीनला बाजूला उभं केलं आणि एक फटका मारून दाखवला. मग दुसरा. तिसरा दाखवण्यासाठी नव्हता, तो तिनं नुसत्या आनंदासाठी मारला.