आमचा दोघांचा नंबर आठ

लतीफच्या बायकोशी मी एकदा खोटं बोललो. एकच वाक्य होतं, आणि दुकानदार म्हणून ते मी कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलेलं आहे. पण भाभींनी ते खरं धरलं, आणि त्यापायी लतीफची हातातली वर्षं निघून गेली. त्याला जाऊन आता महिना उलटला. त्याच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. दुसरीकडून केली तर हे लिहिणंही त्या वाक्यासारखंच होईल.

बातमी आली तेव्हा मी नांदेडला माल घ्यायला गेलो होतो. ठोक दुकानात खोकी उघडून बघत होतो तेवढ्यात त्याच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला. "काका, अब्बा गेले... झोपेतच. असरच्या नमाजनंतर मिट्टी आहे, तुम्ही या." नांदेडहून उदगीर काही परमुलूख नाही. तसाच निघालो असतो तर खांदा द्यायला मिळाला असता. स्टँडवर गाडी उभी होती, कंडक्टर उदगीर-उदगीर ओरडत होता. मी बाकावर बसून राहिलो आणि ती गाडी जाऊ दिली. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. नंतरच्या गाडीनं पोचलो तोवर लोक कब्रस्तानातून परतत होते. ओळखीच्या एकानं हात धरून म्हटलं, "उशीर झाला का, शेठ?" मी हो म्हणालो.

उदगीरच्या बाजारात माझं चपला-बुटांचं दुकान, आणि बरोबर समोर लतीफचं शिलाईचं. मधला रस्ता एवढा अरुंद की त्याची मशीन चालू झाली की माझ्या काउंटरवर ऐकू यायची. दोघं एका वयाचे, एकाच अंगकाठीचे, आणि आमचा दोघांचा पायाचा नंबर आठ. त्याच्या निकाहच्या दिवशी नवे बूट चावायला लागले म्हणून तो माझे जुने घालून गेला, आणि त्याचे नवे बूट घालून मी दिवसभर लंगडत वऱ्हाडाला पाणी वाटत फिरलो. "बूट तुझे, बायको माझी, हिशेब बरोबर," असं तो पुढं कित्येक वर्षं सगळ्यांना सांगायचा. भाभी आतून ओरडायच्या, "बास करा, भाऊ काय म्हणतील!"

आमचा एक रिवाज पडून गेला होता. ईदला तो माझ्याकडून बूट घ्यायचा, दिवाळीला मी त्याच्याकडून शर्ट शिवून घ्यायचो. माझं माप तो कधी घेत नसे. नुसतं नजरेनं बघायचा. एकदा मी म्हटलं, "तुझा शर्ट मला दर साली बरोबर कसा बसतो रे? माझं पोट तर सुटून राहिलं." तर म्हणाला, "मी गुपचूप ढील देतो. गिऱ्हाइकाच्या अंगाला नाव ठेवायचं न्हाई, दिगू. जुनी विजार आवळली म्हणून कुणी घेऊन आलं, तर कापड आटलं म्हणायचं. माणूस खूश, आपण बी खूश." मी हसलो. आणि शिकलोही. माझ्याकडं कुणी "मागच्या वेळचा नंबर होईना" म्हटलं की मी म्हणायला लागलो, "आजकाल कंपनीचे साचेच लहान येऊन राहिलेत."

मग लतीफचा नंबर नऊ झाला. एका ईदला आठचा जोड त्याच्या टाचेवरच अडकला. मी नऊचा काढून दिला, आणि दोघंही त्यावर हसलो. एखाद्या-दुसऱ्या सालानंतर दहा झाला. लहान पोराचा पाय वाढतो, म्हाताऱ्याचा पसरतो, हे मला माहीत होतं. पण चाळिशीतल्या माणसाचा पाय असा साला-दोन सालाला खोकं बदलत नाही, हेही मला माहीत होतं. तीस वर्षं मी लोकांचे पायच बघत आलोय. त्याचा पाय हातात घेतला की तो जाड, गुबगुबीत लागायचा, तळवा घामानं ओला. आवाज खर्जात गेला होता. कात्रीच्या कडीत अंगठा मावेना म्हणून त्यानं मोठ्या कडीची कात्री मागवली होती. बाजारात त्याला पहिलवान म्हणायला लागले. त्यातला पहिला मीच.

रोज बघणाऱ्याला कळत नाही म्हणतात. देगलूरहून त्याची बहीण बऱ्याच सालांनी आली आणि दारातच थांबली. "भय्या, मैं तो पहचानीच नै तुमको!" घरात सगळे हसले, पण भाभी हसल्या नाहीत. ईदच्या आदल्या दिवशी त्या माझ्या दुकानात आल्या. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, पोरं खोकी फेकत होती. भाभी एका बाजूला उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. ह्यांचा पाय वाढून राहिला का? मला काही ठीक वाटेना. डाक्टरला दाखवावं म्हणते."

मी एका हातानं सुटे पैसे देत होतो. मान वर न करता म्हणालो, "न्हाई हो भाभी. कंपनीचे साचेच लहान येऊन राहिलेत."

त्यांचा चेहरा केवढा सैल झाला... "असं का? मी उगंच घाबरले," म्हणत त्या गेल्या. मला त्यांना फसवायचं नव्हतं. गर्दी होती, वाक्य जिभेवर तयार होतं. पण त्या माझ्याकडं गिऱ्हाईक म्हणून आल्या नव्हत्या, एवढं मला त्या क्षणीही कळलं होतं.

पुढं तीन सालं गेली. लतीफचं डोकं दुखायचं. बाजूनं येणारी मोटरसायकल त्याला दिसायची नाही, दोनदा धडकता धडकता वाचला. समोरचं लख्ख दिसे, कडेचं काही दिसत नसे. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून लातूरला ग्रंथींच्या डॉक्टरांकडं पाठवलं. भाभी आणि शबानासोबत मीही गेलो. त्या बाईंनी त्याचे हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ बघितले, मग विचारलं, "अंगठी घट्ट झाली का? चपलेचा नंबर वाढला का?"

भाभी म्हणाल्या, "अंगठी कापून काढली, मॅडम. चपलेचं तसं काही न्हाई. कंपनीचे साचेच लहान येतेत आता. हे भाऊ दुकानदार हायत, ह्यांनीच सांगितलं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी मग जुना फोटो मागितला. शबानाच्या फोनमध्ये निकाहचा फोटो होता. एकदा फोटोकडं, एकदा लतीफकडं बघून त्यांनी मेंदूचं चित्र काढायला लिहून दिलं.

ते आल्यावर त्यांनी आम्हाला नीट समजावलं. नाकाच्या मुळामागं, मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पीयूषिका. गळ्यातल्या ग्रंथीनं किती काम करायचं, मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथीनं किती, अंगानं किती वाढायचं, याचे हुकूम ती रक्तातून धाडते. हुकूम पोचला की काम होतं, आणि काम झालं की तिला उलट निरोप जातो, आता पुरे. लतीफच्या ग्रंथीवर गाठ झाली होती. कर्करोग नव्हता, पण ती गाठ 'पुरे' ऐकतच नव्हती. वाढीचा रस सोडतच होती. लहानपणी असं झालं असतं तर माणूस ताडमाड झाला असता. मोठेपणी उंची वाढत नाही, म्हणून हात, पाय, जबडा, जीभ वाढत जातात... आणि आत हृदयसुद्धा. गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबत होती म्हणून कडेचं दिसत नव्हतं.

लतीफ ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे आमच्यातला कटिंग मास्तरच बिघडला म्हणा की, मॅडम. कारागीर बिचारे देईल त्या मापानं शिवून राहिले."

डॉक्टर हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. म्हणाल्या, "दोन-तीन वर्षं आधी आला असता तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते मी रोज पुरं करतो.

हैदराबादला नाकातून ऑपरेशन झालं. नजर बरीच परत आली, हाताची सूज उतरली. पण वाढलेलं हाड परत जात नाही, आणि हृदयही पूर्वीसारखं झालं नाही. महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन, ठरल्या वेळेला गोळ्या. ग्रंथी जे स्वतः द्यायची त्यातलं काही आता बाहेरून द्यायचं. तो दुकानात कमी बसायला लागला, आणि मीही रस्ता ओलांडून कमी जायला लागलो. सहा पावलांचा रस्ता. तो समोर दिसला की मी खोकी लावायला आत जायचो.

शेवटचा आला तो पावसाळ्याच्या अखेरीला. माप द्यायच्या स्टुलावर बसला, धाप लागली होती. मी सवयीनं त्याच्या पायाकडं बघितलं, तर म्हणाला, "बघू नको. अकरालाच थांबला म्हणते डाक्टरीण." मग रस्त्याकडं बघत म्हणाला, "दिगू, तुला तर आधीच कळलं असंल की बे. तुझ्या हातात तर पाय होता."

मी म्हणालो, "मला काय कळतंय त्यातलं."

"हाव," तो म्हणाला. "कापड आटलं असंल." आणि हसला. त्या हसण्यात राग होता का, हे मी खूप आठवून बघतो. नव्हता बहुतेक. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

आता समोरचं शटर बंद असतं. मशीनचा आवाज नाही तर माझं दुकान विनाकारण मोठं वाटतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्या शटरकडं बघत बसतो. यंदा दिवाळीला शर्ट शिवला नाही. दुसऱ्या शिंप्याकडं गेलो असतो तर त्यानं टेप काढून माप घेतलं असतं, आणि ते नको वाटलं.

चाळिसाव्या दिवसाच्या आधी एका सकाळी मी त्याच्या घरी गेलो. उंबऱ्यापाशी चप्पल काढली, तर तिथं त्याचे बूट अजून ठेवलेले. शेजारी माझी चप्पल लेकराची वाटत होती. भाभी इद्दतमध्ये आहेत, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस परक्या माणसासमोर येत नाहीत. तीस वर्षं ज्यांच्या हातचं खाल्लं त्या पडद्याआड बसल्या होत्या, आणि मी बाहेर, दुकानातून घरी आणून ठेवलेल्या त्याच्या शिलाई मशीनशेजारी. शबानानं चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. मग पडद्यामागून आवाज आला.

"भाऊ, एक काम होतं. दाराशी त्यांचे बूट हायत बघा, ह्या ईदचे. दोनदा बी घातले न्हाईत. घरात कुणाला होईनात. दुकानात कुणा गरजूला देऊन टाका."

मी म्हणालो, "अकराचा पाय सहसा मिळत न्हाई, भाभी."

"असू द्या की. पाय मागून वाढला, पण साचे बी लहान हायत म्हणता ना तुम्ही? मग दहावाल्याला बरोबर बसतील."

त्यात टोमणा नव्हता. घरातली चांगली वस्तू वाया जाऊ नये एवढंच होतं. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी मशीनच्या फळीवर ठेवला. पडदा हलत नव्हता, त्यामागं त्यांचा चेहरा कसा आहे ते दिसत नव्हतं, आणि त्यामुळंच कदाचित मला बोलता आलं.

"भाभी, साचे कधीच लहान झाले नव्हते. त्याचा पाय वाढत होता. तुम्ही विचारलं त्या दिवशी मला ते ठाऊक होतं. माझी चूक झाली... मला माफ करा."