उलटा बिल्ला

हमीद गेला ही बातमी आली तवा मी नदीकाठच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत पाळीची फळी पुसत हुते. छातीत कळ आली, आन् दौंडच्या दवाखान्यात पोचायच्या आतच... महिना उलटून गेला. मला लिवता येत न्हाई. मी सांगते, नात लिवतीय.

आमच्या वडगाव रासाईत अकरा घरांत मिळून एक मोटार. भीमेचं पाणी पाळीनं घ्यायचं, आन् पाळी फळीवर ठरायची. अकरा खिळे, दर घराचा एक पत्र्याचा बिल्ला. वीस वर्सं ती फळी माझ्याकडं. हमीदचं रान माझ्या बांधाला लागून. रांजणगावच्या कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला हुता. एका सुट्टीला पळतच आला. "काकू, फेका ती फळी! नवंकोरं ॲप केलंय. पाळी आता मोबाइल सांगंल."

"जुन्याचं काय दुखतंय रं?"

"जुन्याला ठिगळं कुठवर लावायची? मुळापासनं नवं!" डोळे असे चमकत हुते, की मला बी हुरूप आला. म्हैन्याभरानं फळीचा फोटू काढून त्यानं समदं भरलं.

तवा माझे मालक जाऊन चारच दिवस झाले हुते. घरात मयत झालं की आमी बिल्ला उलटा टांगतो. ते घर रानात जात न्हाई, पण त्याची पाळी राखायची. घर सावरलं की आधी त्यालाच पाणी. बिल्ल्यावर नावं न्हाईत, नुसत्या खुणा; हमीदला वाटलं, उलटा म्हंजी कुनाचं तरी बंद घर. त्यानं घेतलंच न्हाई. तेराव्यानंतर रानात गेले, तर कांद्याचं रोप माना टाकून पडलेलं. मोबाइलात दहाच घरं. मी रडले न्हाई. फळी काखेत मारली आन् त्याच्या दारात उभी राह्यले. "बाबा, तुझ्या मोबाइलात मी बी मेले व्हय?"

त्याचा चेहरा पडला. त्या दिवशी पाळी त्याच्याच घरची हुती. त्याच्या आईनं, अम्मीनं, पाणी माझ्या वावरात फिरवलं. अर्धं रोप वाचलं.

मग दर सुट्टीला फळीम्होरं मांडी घालून बसायचा. "काकू, हा खिळा वाकडा का?"

"ते रान लांब. पाणी पोचायला येळ लागतो, म्हून त्याला तासभर जादा."

"ह्ये कुणी सांगितलं न्हाई मला!"

"तू इचारलंस कवा?"

लई हसला. "कंपनीत बी आमी ह्येच करतो, काकू. जुनं वाचायचा कंटाळा, म्हून नवं लिवायचं."

आता त्यानं फळीवरनंच ॲप उभं केलं. मला वाचता येत न्हाई म्हून स्वतःचा आवाज भरला. पयल्या दिवशी अकरा घरं मोटारीपाशी जमली, आन् फोन बोलला, "आज पाळी काकूंची. सोडा पाणी!" मी टाळ्या पिटत पोरीवानी नाचले. अम्मी म्हणाली, "येडी झालीस का गं ह्या वयात?" आन् ती बी नाचली! फोनात त्यानं उलट्या बिल्ल्याचं चित्र बी ठिवलं. ते दाबायचा मान माझा.

हमीदला पोचवून माणसं आल्यावर मी त्याच्या घरचा बिल्ला उलटा टांगला. मग फोनातलं चित्र दाबलं. त्याचाच आवाज आला, "ह्या घरची पाळी राखलीय. सावरा, मग या..."

परवा त्याचं चाळिसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिल्ला सुलटा करनार, आन् फोन घेऊन अम्मीच्या बांधावर जानार. म्हैनाभर ती रानात आली न्हाई, लेकाचा आवाज तिच्या कानावर न्हाई. फोन काय बोलनार, मला ठाव हाय... "आज पाळी हमीदच्या घरची. सोडा पाणी!"