पोटातल्या रिकाम्या जागेचे भाडे

गणपतीची मूर्ती पाहताना माणूस प्रथम डोळ्यांकडे पाहतो. पेटीनाना कोपराकडे पाहत. पेणच्या कारखान्यात नवी मूर्ती रंगून आली की बाकीचे हात जोडत आणि नाना वीत पसरून एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंतचे अंतर घेत. "देव झ्याक हाय," ते म्हणत, "पन लय ऐसपैस बसलाय. ह्यो दर्यापार जायाचा नाय." आशीर्वादाचा हात चार बोटे आत घेतला तर पेटी तेवढी अरुंद होते आणि जहाजात त्याच जागेत आणखी एक रांग बसते. त्या कारखान्यातून परदेशी जाणारे गणपती हात अंगाशी धरून का बसतात, याची शास्त्रोक्त कारणे मी जाणकारांकडून पुष्कळ ऐकली. खरे कारण कासू गावचा हा सुतार होता.

मी रोह्याच्या न्यायालयातून कारकून म्हणून निवृत्त झालो होतो. आठवड्यातून दोनदा रोह्याशेजारच्या अष्टमी गावाहून निघून गाडीने पेणला जाई आणि सुलभाताईंच्या मूर्तिकारखान्याचा परदेशी पत्रव्यवहार पाही. वाटेत कासूला नाना चढत. पेट्या तेच बनवत, त्या भरतही तेच.

त्यांचे वडील मिठागरावर राबलेले. व्यापाराविषयीचे नानांचे सारे ज्ञान तिथले होते. "खाडीकाठी मिठाला कुत्रं इचारत नाय, भाऊसाहेब. बैलावर घालून घाट चढवलं की भाव येतो. पन तो मिठाचा नसतो, बैलाचा असतो." जे स्वस्त आणि जड ते गावातच राहते, जे हलके आणि मोलाचे ते देश ओलांडते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पेणहून बंदरापर्यंतचा ट्रक पुढच्या अख्ख्या सागरप्रवासाच्या तोडीस तोड पैसे खातो, हेही त्यांनीच मला दाखवले. "दर्या सस्ता, खारपाडा म्हाग," असे ते बंदराच्या वाटेवरल्या खारपाड्याच्या पुलाला उद्देशून म्हणत.

माझा स्वभाव वेगळा. मूर्ती आतून पोकळ, वजनाला हलकी. तरीही जहाज कंपनी पेटीच्या आकारमानावर भाडे लावी. हवेवर भाडे आकारणे कोणत्या न्यायतत्त्वात बसते, अशी विचारणा मी कंपनीकडे, तिच्या वरिष्ठांकडे आणि संबंधित मंत्रालयाकडे वारंवार केली. पोच येई, उत्तर येत नसे. हा निर्लज्जपणा मी आजही क्षम्य मानत नाही. नाना हसत. "बोटीला वजनाची तंगी नाय, जागंची हाय. तुमच्या अर्जानं बोट रुंद व्हनार काय?"

एका वर्षी परदेशातल्या व्यापाऱ्याने सुलभाताईंना स्पष्ट कळवले : माल माझ्या दारात ठरलेल्या दरात पोहोचवा, नाहीतर मी शेजारच्या देशातून साच्यातले गणपती आणतो, तिथून भाडे निम्मे पडते. पतीच्या पश्चात ताईंनी कारखाना सांभाळला होता. ही मागणी गेली तर तो बंद करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. मी कडक शब्दांत पत्राचा मसुदा केला. नानांनी दोन फुटी मूर्ती उलटी करून तिच्या पोटात हात घातला.

"बघ गो ताई, हितं केवढी जागा हाय! तिचं भाडं आपन भरतो. ल्हान गणपती हितं बसव."

"नाना, देवाच्या पोटात देव?" ताई दचकल्या.

"हा अवमान आहे," मी म्हणालो. "शिवाय आत आदळून तडा गेला, तर मूर्ती खंडित."

"प्रतिष्ठा झाल्यावर तडा गेला तर खंडित. तवर तो माल हाय. तुमच्या कोर्टात जन्माच्या आदी कुनाची साक्ष घेतात काय?"

मी मसुद्याची घडी घातली. मोठ्या मूर्तीत मध्यम, मध्यमात लहान, आणि मध्ये पेंढा दाबून नानांनी पेट्या भरल्या. पेट्या निम्म्याहून कमी झाल्या, दर जमला.

चूक पेंढ्याने केली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती भाताच्या पेंढ्यातच जातात. कासूच्या शेतातला स्वच्छ, कोरडा पेंढा ही कोणाला आक्षेपार्ह वस्तू वाटेल, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. त्या देशाच्या बंदरावर पेंढ्यात किडा निघाला आणि सारा माल अडकला. सुटला तेव्हा विसर्जन होऊन गेले होते. व्यापाऱ्याने पैसे अडवले आणि माल परत पाठवतो अशी धमकी दिली.

ताई रडकुंडीला आल्या. मी दावा लावण्याच्या तयारीत होतो.

"चूक माजी. पेंढा माजा," नाना म्हणाले. "पन माल परत यायाचा नाय. येताना भाडं नाय काय पडत? मालापरीस भाडं म्हाग. पुढल्या गणपतीला तोच इकंल. ताई, तू गप ऱ्हा. आनि भाऊसाहेब, तुमी तर आजिबात लिवू नका."

ज्या अंतराच्या भाड्यापायी मागणी हातची जाणार होती, त्याच भाड्याने माल तिकडे अडकवून ठेवला. माल परत आला नाही. पुढच्या वर्षी मूर्ती विकल्या गेल्या, पैसे आले आणि नवी मागणीही आली. पेट्या अशाच भरलेल्या हव्यात, फक्त गवत नको, एवढीच अट होती.

पण तोवर नानांना धाप लागू लागली होती. त्यांनी मला कासूला बोलावून घेतले. "तुमचं अक्षर बरं हाय, लिवा." कोणती मूर्ती कोणात बसते, कान कोणत्या बाजूला ठेवायचा, पेंढ्याऐवजी कागदाच्या पट्ट्या किती दाबायच्या, हे सारे त्यांनी खाटेवर पडून सांगितले. मी कलमे पाडून लिहिले. खाली त्यांचे नाव घालावे, असा मी रीतसर आग्रह धरला.

"नाव कशाला? आनकी एक ओळ वाडंल."

त्या माघात नाना गेले. तो कागद सुलभाताईंच्या कारखान्यात भिंतीला लावलेला आहे आणि आता पेट्या भरणारी मुले त्यावर बोट ठेवून काम करतात. आयुष्यात मी असंख्य कागद लिहिले. ज्याची अंमलबजावणी झाली असा हा एकच, आणि त्यातला एक शब्दही माझा नाही.