गाव सुपा, मुक्काम रामनगर

झिलू नागू मिराशीला कुणी गाव विचारलं की तो म्हणायचा, सुपा. राहायचा रामनगरात, पुनर्वसनाच्या वसाहतीत, शेवटून दुसऱ्या घरात. पाणी भरायचा रामनगरच्या नळावर, साखर-तांदूळ आणायचा रामनगरच्या रेशन दुकानातून, पण गाव विचारा, सुपाच. आता सुपा राहिलं होतं कुठं? काळी नदीवर धरण झालं, पाणी चढत गेलं, आणि बाजार, देऊळ, झिलूचं भाताचं शेत, सगळं तळाला गेलं. माणसांना ट्रकात घालून रामनगरला आणलं. सुरुवातीला सगळेच सुपा सांगायचे. मग पोरं इथल्या शाळेत गेली, सोयरिकी जमल्या, आणि एकेकाच्या तोंडात रामनगर बसलं. झिलूच्या तोंडात काही ते बसलं नाही.

हट्टी म्हणाल तर होताच. पण उगाच हट्टी नव्हता. ट्रक यायच्या आदल्या पावसाळ्यात त्याची बायको केशर तापानं गेली. काळीच्या काठावर तिला अग्नी दिला. पोटी मूलबाळ नाही. ट्रक निघाला तेव्हा बाकीच्या बाया रडत होत्या, आणि हा मागच्या फळीला टेकून नदीकडं बघत गप्प बसलेला. केशरला एकटीला पाण्यात टाकून आपण आलो, हे त्याच्या मनानं घेतलं ते घेतलंच. निदान गावाचं नाव तरी सोडायचं नाही, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. त्यावरून वसाहतीतली माणसं त्याची चेष्टा करायची. काशी शेजारीण तर तोंडावर म्हणायची, की मामा, तुमच्या गावाला जायचं तर बस नको, होडी लागंल. तो हसायचा नाही आणि रागवायचाही नाही.

सत्त्याण्णव साली त्याला खोकला लागला. आधी दुर्लक्ष केलं. मग एक दिवस थुंकीत रक्त दिसलं तेव्हा गेला रामनगरातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात. तिथं नुकताच कॉम्प्युटर आलेला. त्याला वेगळी खोली, खिडकीला पडदा, आणि बाहेर चपला काढून ठेवायच्या. देवघराचा थाट सगळा. समोर बसायचा पुंडलिक. कुणाला काय द्यायचं, कधी तपासायचं, हे डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे आणि पुंडलिक ते त्या यंत्रात घालायचा. दर सोमवारी संध्याकाळी ते यंत्र करकर करत कडेला भोकं असलेला लांबलचक कागद ओकायचं. त्यावर गावोगाव फिरणाऱ्या प्रत्येक शिस्टरची, म्हणजे नर्सची, वेगळी यादी. अमक्या गावात तमकी बाळंतीण, तिला सुई द्या. तमक्याच्या जखमेची पट्टी बदला. काम झालं की शिस्टरनं खूण करायची. नाही झालं तर पुढच्या सोमवारी तेच काम पुन्हा छापून यायचं. डॉक्टर म्हणायचे, आता कुणी राहून जायचं नाही. चांगलीच सोय होती ती, खोटं कशाला बोला.

झिलूला क्षय निघाला. डॉक्टरांनी बजावलं, की गोळ्या महिनोन् महिने चालतील, एक दिवस चुकवायच्या नाहीत. पहिल्या पंधरवड्याच्या हातात देतो, पुढच्या इथं हातात मिळायच्या नाहीत, दर आठवड्याला शिस्टर घरी आणून देईल, त्या दिवशीच्या तिच्यासमोर गिळायच्या. इकडं तिकडं हिंडायचं नाही, घरी थांबायचं. पुंडलिकनं नाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं. झिलूनं सांगितलं, सुपा.

पुंडलिक होता खानापूरकडचा, नवा. त्यानं सुपा टाकलं, आणि यंत्रानं काम दिलं सुपा धरणावरच्या नोकरांच्या कॉलनीत फिरणाऱ्या शिस्टरला. ती बिचारी कॉलनीत दारोदार विचारत हिंडली. झिलू मिराशी कोण? कुणाला ठाऊक असणार! तिनं लिहिलं, सापडले नाहीत. पुढच्या सोमवारी काम परत छापून आलं, तिनं परत तेच लिहिलं. असं काही वेळा झाल्यावर यंत्रानंच ते नाव बाजूला टाकलं. सांगूनच ठेवलं होतं त्याला तसं.

इकडं झिलू घरी थांबलेला. पंधरवड्याच्या गोळ्या संपल्या. मंगळवारी रामनगरची सुमन शिस्टर वसाहतीत आली, काशीच्या गरोदर सुनेला तपासून गेली. झिलू दारातच बसला होता, त्याच्या अंगणावरून गेली. पुढच्या मंगळवारीही तसंच. तो धुतलेला सदरा घालून बसायचा, तांब्यात पाणी भरून ठेवायचा. ती यायची, पिशवी या हातातून त्या हातात घेत पुढं निघून जायची. एक शब्द टाकायला काय झालं होतं त्याला? पण नाही टाकला. कारण झिलूनं आपल्या मनाशी एक ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी आपल्याला सोडून दिलं. आपण काही वाचत नाही, म्हणून गोळ्या वाया कशाला घालवायच्या, असं त्यांनी ठरवलं असणार. विचारायला गेलो तर ते तोंडावर सांगतील. ते ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं. माणूस मरणाला भीत नाही म्हणतात, पण तसं कुणी सांगितलं तर ऐकायला भितोच.

खोकला वाढला. काशी ताटली आणायची ती उंबऱ्यावर ठेवून मागं सरायची. तिच्या घरात गरोदर सून, तिचंही काही चुकत नव्हतं. पण झिलूशी बोलायला कुणी उरलं नाही. दिवसभरात त्याच्या कानावर माणसाचं बोलणं पडायचं ते नळावरचं भांडण, तेही लांबून.

मग एका मंगळवारी काशीच्या दाराला कुलूप होतं. सगळी लग्नाला गेलेली. सुमन वाट बघत झिलूच्या कट्ट्यावर टेकली. आतून खोकला ऐकला, आणि ती उठून दारात आली. असा खोकला तिनं पुष्कळ ऐकला होता. दवाखान्यात का येत नाही म्हणून तिनं त्याला दरडावलंच.

झिलू म्हणाला, "आलो हुतो की. तुमीच सोडून दिलासा मला."

सुमनला काही कळेना. तिनं नाव विचारून घेतलं आणि तडक दवाखाना गाठला. पुंडलिकनं शोधलं तर निघालं सगळं. सुपा, धरणाची कॉलनी, सापडले नाहीत. सुमनचं डोकं फिरलं. माणूस माझ्या वाटेवर बसलेला, मी दर मंगळवारी त्याच्या अंगणातून जाते, आणि तुमचं यंत्र त्याला धरणावर शोधतंय! पुंडलिक ओशाळला. पण त्यालाही नियम होता. पत्ते बदलण्यात मागं एकदा घोळ झाला होता, तेव्हापासून पेशंटनं स्वतः सांगितल्याशिवाय गाव बदलायचं नाही, असं डॉक्टरांचं सांगणं होतं.

डॉक्टरांनी गोळ्या पहिल्यापासून सुरू केल्या. सुमननं झिलूला समजावलं, की दवाखान्यात येऊन फक्त रामनगर म्हणा, काम माझ्या यादीत येईल. झिलूनं नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्यांदा समजावलं, तरी नाही. तिसऱ्यांदा ती चिडली, तेव्हा त्यानं सांगितलं, "केशर तितं हाय, बाय. मी रामनगरचा म्हटलं तर तिचं कोण?"

सुमननं डॉक्टरांकडून त्याच्या गोळ्या मागून घेतल्या. ती यादीशिवायच येऊ लागली.

सुमन चाळिशीला आलेली, लग्न न झालेली. बसस्टँडमागच्या एका खोलीत एकटीच राहायची. दिवसभर पन्नास घरी बोलायचं, आणि संध्याकाळी खोलीत स्टोव्हचा आवाज तेवढा. झिलूकडं ती सगळ्यात शेवटी यायची, कारण तिथं खूण करायला कागद नव्हता आणि म्हणून घाईही नव्हती. तो तिच्यासमोर त्या दिवशीच्या गोळ्या गिळायचा, आठवड्याची पुडी ठेवून घ्यायचा, मग दोघं कट्ट्यावर बसायची. तो बिनदुधाचा चहा करायचा. कधी सुप्याच्या बाजाराचं सांगायचा, कधी केशर चवथीला करंज्या कशा करायची ते. ती आपल्या आईचं सांगायची, कधी काहीच नाही. तोंडाला कुलूप लावलेला तो माणूस बोलतो, हे काशीला बघून खरं वाटेना. अंगावर जरा मांस चढलं. त्यानं परसात वांगी लावली. आपल्याला मंगळवारची वाट बघायला आवडतं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली.

पाऊस ओसरला आणि सुमनची बदली झाली, अणशीला. तिथली शिस्टर सोडून गेली होती, जंगलातली गावं उघडी पडलेली. सुमननं हे कट्ट्यावर बसून झिलूला सांगितलं. ती म्हणाली, मामा, नवी येईल ती कागद बघून येईल. कागदावर तुम्ही नाही. गोळ्या अजून संपल्या नाहीत, मध्येच सोडल्या तर आधीपेक्षा वाईट होईल. जाताना तिनं वाकून नमस्कार केला, तेव्हा तो एवढंच म्हणाला की तिकडं जळवा फार, पाय जपून ठेव.

सुमननं नव्या कमल शिस्टरला झिलूचं घर सांगून ठेवलं होतं. कमलनं हो म्हटलंही. पण नवी मुलगी, अनोळखी गल्ल्या, हातात हातभर यादी. यादीतलं करता करता संध्याकाळ व्हायची, आणि यादीबाहेरचं राहून जायचं. एक मंगळवार गेला, दुसरा गेला. झिलू कट्ट्यावर बसून राहिला. पुडी रिकामी झाली. रात्रीचा ताप परत अंगात येऊ लागला.

आता मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. कुणी त्याला सोडून दिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, सुमननं तर मुळीच नाही. गोष्ट त्याच्याच एका शब्दावर अडली होती. तो शब्द काढला नाही तर पुढचा पावसाळा दिसायचा नाही. झिलूनं ते पुष्कळ दिवस मनात घोळवलं. एके काळी, सुमन यायच्या आधी, हे सोपं गेलं असतं. मरून केशरकडं जायचं, एवढंच. आता ते सोपं राहिलं नव्हतं. परसात वांगी फुलावर होती. काशीच्या नातवाचं बारसं व्हायचं होतं. आणि चहा करताना त्याचा हात दोन कपांकडं जायचा. जगावंसं वाटत होतं त्याला, आणि त्याच गोष्टीचा त्याला केशरपुढं अपराध वाटत होता.

सोमवारी सकाळी तो दवाखान्यात गेला. बाहेर चपला काढल्या. पुंडलिकनं त्याला ओळखलं, खुर्ची दिली. आता पुंडलिकलाही सगळं माहीत होतं. त्यानं यंत्रात नाव काढलं आणि हलक्या आवाजात विचारलं, की मामा, गाव सुपाच ठेवू ना?

झिलूला धाप लागली होती.

"न्हाई. रामनगर लिव्ह." मग, पुंडलिकनं काही विचारलं नव्हतं तरी, म्हणाला, "मला अजून जगायचं हाय रे."

पुंडलिकनं खाली मान घालून बटणं दाबली. बाहेर येऊन चपला घालताना झिलूला डावी-उजवी कळेना. दवाखान्याच्या पायरीवर बसून तो रडला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मोठ्यानं. केशर गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता.

मंगळवारी कमल शिस्टर आली. दुपारीच आली, यादीत त्याचं नाव मधेच कुठंतरी होतं. कट्ट्यावर टेकली नाही. अंगणात उभी राहून तिनं कागद वाचला.

"झिलू नागू मिराशी, रामनगर. तुम्हीच का?"

झिलूनं चहाचं आधण ठेवलं होतं, ते आत उकळत होतं. त्याला तिला बसायला सांगायचं होतं. पण ती पुढच्या नावावर बोट ठेवून उभी होती.

"व्हय," तो म्हणाला, आणि गोळ्यांसाठी हात पुढं केला.