गार फरशीवरची कॉइल

आमच्या सासूबाई मोटरसायकलवर मागे बसायलाही घाबरतात. पण गाडीच्या पोटात ठिणगी का पडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. बावीस वर्षं कारखान्यात त्यांनी इग्निशनच्या कॉइली तपासल्या. निवृत्त झाल्या तरी हातांना चैन नाही. आसपासचे मेकॅनिक संशयित पार्ट घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी हजर होतात.

त्यांचा एक नियम आहे. आलेला पार्ट आधी तासभर गार फरशीवर ठेवायचा. "पाहुणा आला की लगेच प्रश्न विचारतो का आपण? आधी टेकू द्यावं," असं म्हणतात. कारखान्यात तशीच पद्धत होती म्हणे. मग मीटरच्या दोन पिना टोकांना लावायच्या, आतली तार विजेला किती अडवते तो आकडा बघायचा आणि पास की नापास ते सांगून मोकळं व्हायचं. त्यांनी पास केलेल्या पार्टवर ब्रह्मदेवानेही शंका घ्यायची नाही.

आणि नेमकी माझीच गाडी रुसली! मी घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुणारी नर्स. गाडी घरून झोकात निघायची आणि वीस मिनिटांनी, पूल ओलांडला की, गप्प. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. रोजच्या उशिराला कंटाळून वरिष्ठांनी शेवटचं सांगितलं: सोमवारपासून भरवशाची गाडी आणा, नाहीतर कार्यालयात बसून कागद सांभाळा. माझे म्हातारे-म्हाताऱ्या माझी वाट बघत असतात. कागदांचं माझ्यावाचून काय अडलंय?

आमच्या मेकॅनिकने इंजिनाच्या झाकणाआडची, ठिणगी कधी पाडायची ते कळवणारी बोटभर पिकअप कॉइल काढून आणली. "काकू, मला हिच्यावरच डाऊट आहे."

सासूबाईंनी तिला तासभर फरशीवर निजवलं आणि मोजलं. "दोनशे अठरा. पास! दुसरीकडे शोध."

"सगळीकडे शोधलं, काकू. नवीनच टाकू या ना."

"चांगल्या पार्टला नापास करून? माझ्या घरात नाही!"

तो बिचारा कॉइल तिथेच ठेवून गेला.

रविवारी सकाळी मी त्याच टेबलावर गणवेशाला इस्त्री करायला घेतली. सासूबाई इरेला पेटून तिसऱ्यांदा पिना लावून बसल्या होत्या. मी इस्त्री कॉइलशेजारी टेकवली आणि थोड्या वेळाने त्या ओरडल्याच, "अगं, आकडा चढतोय! दोनशे चाळीस… पन्नास… अगं बाई, गेला!"

मीटरवर आकडाच उरला नव्हता. कॉइलीतली बारीक तार तापली की आतल्या आत सुटत होती. इस्त्री लांब नेली, कॉइल निवली, आकडा परत. जवळ आणली, पुन्हा गायब! आम्ही दोघींनी हा खेळ सात-आठ वेळा केला. मी तर चक्क उड्या मारल्या, गणवेश तसाच चुरगळलेला राहिला.

मग त्या एकदम खुर्चीत टेकल्या. "इंजिनात कुठली गं गार फरशी? मीच हिला दरवेळी निववून पास करत होते."

मला त्यांची फार माया आली. पण वेळ कुठे होता! मेकॅनिकला फोन केला, त्याने तासाभरात नवीन कॉइल बसवली आणि मी तशीच किक मारली.

पूल आला. पूल गेला! पंचवीस मिनिटं, तीस मिनिटं… हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्याने गात होते. पार शेवटच्या घरच्या आजींपर्यंत गेले. त्या म्हणाल्या, "आज सुट्टी ना तुझी?" मी म्हटलं, "नुसतं तोंड दाखवायला आले!"

घरी येऊन दारातूनच ओरडले, "आई, एकदाही नाही थांबली! उद्यापासून फेऱ्या चालू!"

सासूबाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरले होते. मागे टेबलावर इस्त्री तापत होती आणि शेजारी मेकॅनिक हातात मीटर धरून बसला होता.

"हात धू आणि बस इकडे," त्या म्हणाल्या. "आजवर पास केलेले सगळे पार्ट परत मागवलेत. अजून कुणाची तरी सून रस्त्यात उभी असेल."