रंगाऱ्याचं बोट

रंगाऱ्याला गल्लीत सगळे 'जाऊद्या' म्हणायचे. नळावर कुणी मध्येच घुसलं, जाऊ द्या. शेजाऱ्यानं भिंत हातभर पुढं सरकवली, जाऊ द्या. बायको वैतागायची, "उद्या मला कुणी उचलून नेलं तरी हेच म्हणाल!" नेलं ते पोराला. भर दुपारी, कारखान्याच्या दारातून, जीपमध्ये कोंबून. त्यानंतर हा माणूस बोलायचाच बंद झाला. भट्टी पेटवायची, सुताच्या लड्या काळ्या रंगात बुडवायच्या, पिळायच्या, वाळत टाकायच्या. दिवस ढकलत होता, दुसरं काय!

मतदानाच्या आदल्या दिवशी दारोदार कागद डकवले गेले: ज्याच्या बोटाला शाई, त्याचं बोट राहणार नाही. जीपवाले बोलतात ते करतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रंगाऱ्यानं सकाळीच दाराला आतून कडी घातली. पण बायको कसली ऐकतेय! तो भट्टीशी वाकलेला बघून ती मागच्या दारानं सटकली आणि शाई लागलेलं बोट घेऊनच परत आली.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"फिरलंय! आपल्या पोराचं नाव घ्यायची कुणाची छाती नाही. एक उमेदवार घेतोय, त्याला माझं मत तरी पडू दे."

त्यानं सोडा चोळला, लिंबू चोळलं, कापडाचा रंग उडवायचं पाणी चोळलं. कातडी सोलवटली, शाई जागची हलेना. सगळा जन्म रंग चढवण्या-उतरवण्यात गेला आणि हा एवढासा डाग त्याला जुमानत नव्हता. शेवटी त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि काळ्या रंगाच्या कोमट हौदात मनगटापर्यंत बुडवले. त्याचे स्वतःचे तर बारमाही काळेच.

दुपारी जीप आलीच. गॉगल लावलेला एक जण दारात उभा राहिला. "या घरातून कुणीतरी जाऊन आलंय, पक्की खबर आहे. हात दाखवा." चार काळे हात पुढं आले. त्यानं ते उलटेपालटे करून बघितले आणि फिस्सकन हसला. "वा रे हुशारी! कोण गेलं होतं ते बोला, नाहीतर दोघांचंही बोट काढतो."

बायको तोंड उघडणार, तेवढ्यात रंगारी बोलला, "मी."

"शाब्बास. संध्याकाळी चौकात ये. सगळ्यांना बघू दे. नाही आलास तर आम्ही इथं येऊ, मग बोटावर भागायचं नाही."

जीप गेली तशी बायको मटकन खाली बसली. "खोटं कशाला बोललात हो? चला, पळून जाऊ या."

"कुठं? नाक्यानाक्यावर त्यांचीच माणसं उभी आहेत."

तो हौदाकडं बघत बसला. बिचारा पार घाबरला होता. मग उठला आणि चपला पायात सरकवल्या.

"आता कुठं निघालात?"

"मत द्यायला. बोट तर जाणारच आहे. फुकट कशाला घालवू?"

मतदानाची शाळा ओस पडली होती. टेबलामागच्या बाईंनी त्याचं नाव शोधून खूण केली, शाईची काडी उचलली आणि ते काळे हात बघून थबकल्या. "अहो, यावर शाई दिसणार तरी कशी?"

"बाई, करंगळीला लावता का?" त्यानं हळूच विचारलं. "बाकीची बोटं लागतात मला. लड्या पिळायच्या असतात."

बाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नियम पहिल्या बोटाचा आहे, काका," त्या कशाबशा म्हणाल्या.

रंगाऱ्यानं मान हलवली. अंगठ्याशेजारचं बोट सदऱ्याला पुसलं आणि पुढं केलं.